आत्याच्या नावाने तक्रार : जानेवारी ते जुलै २०२५

ऑनलाइन ओळख वाढवून माझ्या आत्याला पैशाला फसवलं गेलं, त्याची ही हकिगत. हे सगळं आत्याला विचारून आणि तिला वाचून दाखवून लिहिते आहे. माझं नाव, माझी शाळा आणि बँक येऊ देऊ नकोस, बाकी झालं ते लिही, असं ती म्हणाली. तिच्यासारखं आणखी कुणाच्या घरी नुकतं उघडकीला आलं असेल आणि आता नेमकं कुठे जायचं ते कळत नसेल, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून तारखा, कागद आणि खर्चासकट लिहिते.

आत्या ६७ वर्षांची. साताऱ्यात एकटी राहते. हायस्कूलमध्ये गणित शिकवण्यात तिची हयात गेली. आजी-आजोबांची दुखणी, धाकट्या भावांची शिक्षणं यात लग्न राहून गेलं. पैशाच्या बाबतीत ती काटेकोर. पेन्शन, ठेवी, विमा, सगळं एका वहीत. "एवढी शिकलेली बाई फसली कशी?" हे आमच्या घरात इतक्यांदा विचारलं गेलं की त्याचं उत्तर आधी देते.

ऑगस्ट २०२४ मध्ये फेसबुकवरच्या बागकामाच्या एका ग्रुपवर तिने गच्चीतल्या अनंताचा फोटो टाकला. एका गृहस्थाने कौतुक केलं, मग मैत्रीची विनंती पाठवली. ग्लासगोमध्ये हाडांचा डॉक्टर, बायको वारलेली, मुलगी वसतिगृहात. आई मूळची भारतीय, म्हणून इकडची ओढ. आठवडाभरात गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, ४४ ने सुरू होणाऱ्या नंबरवर. रोज पहाटे साडेपाचला त्याचा मेसेज यायचा. गुडघा कसा आहे, गोळी घेतली का, आज काय उमललं. मी पुढे ती सगळी चॅट वाचली, कारण पोलिसांसाठी ती लावून द्यायची होती. त्यात प्रेमाच्या गोष्टी थोड्या होत्या, विचारपूस भरपूर. आत्याच्या गुडघ्याची रोज चौकशी करणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि पैशाचा विषय जवळजवळ तीन महिने निघालाच नाही. ही मंडळी घाई करत नाहीत.

नोव्हेंबरात त्याने भेट पाठवली म्हणून सांगितलं. घड्याळ, दागिने, फोन आणि पाकिटात पौंड. पार्सलचा फोटो आला, कुरिअरची पावती आली. मग दिल्ली विमानतळावरून कस्टम्समधून बोलतेय म्हणणाऱ्या बाईचा हिंदीत फोन. ड्यूटी भरा, ३८,५०० रुपये. ११ नोव्हेंबरला आत्याने ते यूपीआयने भरले. तीन दिवसांनी पार्सलमध्ये परकीय चलन सापडलं, आता मनी लाँडरिंगचं प्रमाणपत्र लागेल, नाहीतर गुन्हा दाखल होईल, असा फोन आला. १,२५,००० गेले. २ डिसेंबरला १,८०,०००. मग डॉक्टर स्वतः तिला भेटायला निघाले आणि दिल्लीत मोठ्या रकमेच्या ड्राफ्टसह अडकले. २० डिसेंबरला ठेव मोडून २,१०,००० पाठवले. ९ जानेवारीला ९५,००० आणि १३ जानेवारीला १,४०,०००. एकूण ७,८८,५०० रुपये.

१४ जानेवारीला संक्रांतीसाठी मी पुण्याहून तिच्याकडे गेले होते. तिळगूळ देऊन झाल्यावर तिने मला ६०,००० रुपये आठ दिवसांसाठी मागितले. आत्याने आयुष्यात कुणाकडे उसने पैसे मागितलेले नाहीत. मी दार लावून घेतलं आणि तिच्याजवळ बसले. तासाभराने सगळं बाहेर आलं, पण ते फसवणूक म्हणून नव्हे. डॉक्टर अडकलेत, त्यांना सोडवायला पैसे लागतात, अशी तिची खात्रीच होती.

त्या क्षणी मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटला, तो म्हणजे शेवटचे पैसे कधी पाठवलेस? ती म्हणाली, "काल दुपारी." पैसे पुढे पुढे सरकवले जातात, त्यामुळे जितक्या लवकर कळवावं तितकी रक्कम अडकण्याची शक्यता जास्त, हे मला ऑफिसातल्या सायबर सुरक्षेच्या एका व्याख्यानामुळे माहीत होतं. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी देशभर १९३० हा एकच क्रमांक आहे. पण फोन लावायचा कुणी? खातं तिचं, मोबाइल तिचा, ओटीपी तिला येणार. आणि ती तक्रारीला तयार नव्हती. "त्यांच्यावर पोलीस कशाला घालतेस?" म्हणून रडायला लागली.

मी डॉक्टरांविषयी एक शब्द काढला नाही. तिची वही मागितली. वहीत नेहमीसारखं सुवाच्य अक्षरात तारीख, रक्कम, कुणाच्या नावे, कुठली बँक, असे रकाने होते. मी म्हटलं, "आत्या, हे पैसे कस्टम्सचे ना? मग सरकारी खात्यात का नाही गेले? ही नावं वाच बरं." तिने चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सहा वेळा पैसे गेले होते, सहा वेगवेगळ्या माणसांच्या नावे, सहा वेगवेगळ्या बँकांत. ती बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती कस्टम्सवाली बाई खोटी दिसतेय." डॉक्टर खोटे, हे ती तेव्हा मानायला तयार नव्हती, आणि मीही तिच्याकडून तसं वदवून घेतलं नाही. त्या बाईविरुद्ध तक्रार करायला मात्र तिने फोन माझ्या हातात दिला.

हे इतकं सविस्तर लिहितेय कारण पुढची सगळी कामं याच्यावर अवलंबून होती. म्हाताऱ्या माणसाला न विचारता, त्याच्या पाठीमागे ही प्रक्रिया करताच येत नाही. प्रत्येक ठिकाणी त्याची सही, त्याचा ओटीपी, त्याचा जबाब लागतो. ती जेवढं मान्य करेल तेवढ्यापासून आम्ही सुरुवात केली.

१९३० लागायला वेळ लागला. पुन्हा पुन्हा लावत राहावं लागलं. फोन उचलल्यावर मात्र काम झटपट झालं. नाव, मोबाइल, जिल्हा, बँक, खाते क्रमांक आणि प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, तारीख, रक्कम. यूपीआयचा व्यवहार क्रमांक अ‍ॅपच्या हिस्टरीत असतो, एनईएफटी-आरटीजीएसने बँकेतून पाठवलेल्या पैशांचा यूटीआर, म्हणजे तसाच क्रमांक, पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये मिळतो. हे आधी एका कागदावर लिहून मगच फोन लावा, कारण पलीकडचा माणूस विचारत जातो तेव्हा शोधाशोध करायला अवधी नसतो. आम्ही सगळ्यात ताजा व्यवहार आधी सांगितला. फोन चालू असतानाच आत्याच्या मोबाइलवर पोचपावतीचा क्रमांक आला. त्या रात्रीच सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर जाऊन उरलेला तपशील भरला. तो २४ तासांत पूर्ण करायला सांगतात. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं आणि त्यात अवतरणचिन्हं, उद्गारचिन्हं वगैरे टाकली की पोर्टल ते घेत नाही. आमचा बराच वेळ त्यातच गेला. आधार कार्ड आणि स्क्रीनशॉट जोडले. रात्री एकला अर्ज दाखल झाला. आत्या जागीच होती, आणि डॉक्टरचे मेसेज चालूच होते.

१५ तारखेला सकाळी बँक उघडताच आम्ही तिच्या शाखेत. सोबत पोचपावती क्रमांक टाकलेला लेखी अर्ज, दोन प्रती. एकीवर तारखेसह शिक्का मारून घेतला. शिक्क्याशिवाय बँकेतून बाहेर पडू नका, पुढे प्रत्येकजण ती प्रत मागतो. शाखेतले अधिकारी माझ्याशी बोलायला तयार नव्हते, कारण खातेदार आत्या. नियम म्हणून ते बरोबर आहे. पण भरल्या काउंटरवर "मॅडम, तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" असं तिला मोठ्याने विचारलं गेलं, ते मला फार लागलं. मी आतल्या केबिनमध्ये बसून बोलू द्या म्हणून हट्ट धरला आणि तो मान्य झाला. तुम्हीही सरळ मागा.

बँकेने जे लेखी कळवलं ते असं, की व्यवहार खातेदाराने स्वतः केलेले असल्याने बँक भरपाई देऊ शकत नाही. पुष्कळजण रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा आधार घ्यायला सांगत होते. ते परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांबद्दल होतं. प्रेमाच्या जाळ्यात ओढून माणसाच्याच हाताने पैसे पाठवून घेतले तर ते सहसा लागू पडत नव्हतं. त्यामुळे बँकेशी भांडण्यात आम्ही ताकद घालवली नाही. ज्यांच्या तक्रारीला बँक ३० दिवसांत उत्तरच देत नाही किंवा नियमात बसूनही नाकारते, त्यांना रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिला फी लागत नाही.

बँकेतून शिक्का असलेलं नोव्हेंबर ते जानेवारीचं स्टेटमेंट घेतलं, नेट बँकिंग आणि यूपीआय तात्पुरतं बंद करून घेतलं. एक गोष्ट तिथे कळली. डिसेंबरात २,१०,००० पाठवताना काउंटरवरच्या मुलीने आत्याला विचारलं होतं, "कुणाला पाठवताय आजी?" आत्याने "नात्यातले आहेत" म्हणून सांगितलं होतं. असं विचारतील आणि असं उत्तर दे, हे तिला आदल्या दिवशी मेसेजवर पढवलेलं होतं. ती चॅट आम्हाला नंतर सापडली.

त्याच आठवड्यात पोर्टलवर तक्रारीची स्थिती बदलली. १३ जानेवारीच्या १,४०,००० पैकी ९६,४०० रुपये पुढच्या एका खात्यात अडवले गेले होते. ९ जानेवारीच्या ९५,००० पैकी ११,२००. म्हणजे १,०७,६०० रुपये होल्डवर. बाकी सगळं एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन एटीएममधून निघून गेलं होतं. आधीच्या महिन्यांतली एक दमडी मिळाली नाही. आणि होल्ड म्हणजे पैसे परत आले असं नाही, ते जिथे आहेत तिथे गोठवले एवढंच. बरेच लोक इथे निश्चिंत होतात. ती रक्कम परत आणण्यासाठी आम्हाला न्यायालयात जावं लागलं.

जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे अर्ज दिला तेव्हा त्यांनी काय काय आणायचं ते सांगितलं. आधार, पासबुक, शिक्क्याचं स्टेटमेंट, सगळ्या नंबरांची यादी, चॅटच्या छापील प्रती आणि फोनमधून काढलेल्या त्या प्रतींसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र. नमुना त्यांच्याकडेच मिळाला. चॅटचे स्क्रीनशॉट काढताना वरती नाव दिसलं तर त्याचा उपयोग नाही, नंबर दिसायला हवा. म्हणून त्या व्यक्तीच्या माहितीचं पान उघडून त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. व्हॉट्सअ‍ॅपमधून पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा. आणि कितीही संताप आला तरी चॅट पुसू नका, ब्लॉक करण्याआधी हे सगळं उरकून घ्या. छपाईला आणि झेरॉक्सला सगळं मिळून साधारण ९०० रुपये गेले.

इथवर सुरळीत चाललं होतं. मग बातमी नातेवाईकांत पसरली. एका चुलतभावाने तिला फोन करून "या वयात हे काय सुचलं?" असं विचारलं. दुसऱ्याने तिचा फोन काढून घ्या म्हणून मला सुनावलं. आत्याने फोन उचलणं बंद केलं. जेवण कमी झालं, रात्रभर जागी. जबाबासाठी ठरलेला दिवस तिने रद्द केला आणि तो परत लवकर मिळेना. एका टोमण्याने तक्रार दोन आठवडे मागे गेली. ज्यांच्या घरी असं होईल त्यांनी निदान गुन्हा नोंदवून होईपर्यंत नातेवाइकांच्या सल्ल्यांना दारातच थांबवावं, हे मी कळवळून सांगते. या लोकांचा सगळा धंदा लाजेवर चालतो. माणूस लाजेने गप्प बसला की त्यांना नवी रक्कम मागायला मोकळं रान.

मी तेव्हा पुण्याहून रजा घेऊन तिच्याकडे राहिले. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावला. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी आत्याला काय झालं ते सांगायला लावलं आणि मधे एकदाही अडवलं नाही. त्यानंतर ती तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे यायला तयार झाली. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे. जवळ कुणी नसेल तर तिथे विचारता येतं.

जानेवारीच्या अखेरीस तिनेच विषय काढला. "त्यांच्या फोटोवरून काही कळतं का गं?" गूगल लेन्समध्ये फोटो टाकल्यावर तोच चेहरा परदेशातल्या एका रुग्णालयाच्या संकेतस्थळावर निघाला, वेगळ्याच नावाने. माणूस खरा, पेशानेही डॉक्टर, पण त्याचे फोटो चोरलेले. आत्याने फोन हातात घेऊन ते पान खालपर्यंत वाचलं. तिने मला विचारलं, "मग माझ्याशी रोज बोलत होतं ते कोण?" मला याचं उत्तर देता आलं नाही. एक माणूस असेल, किंवा पाळीपाळीने बसणारे चार असतील. तिला पैशाइतकंच, कदाचित जास्त, हे लागलं. सहा महिने आपण ज्याच्याशी बोललो तो कुणी नव्हताच, हे दुःख मयताच्या दुःखासारखंच असतं आणि त्याला कुणी भेटायला येत नाही. ३ फेब्रुवारीला तिने स्वतःच्या हाताने तो नंबर ब्लॉक केला. त्याआधी त्याने जीव देण्याच्या धमक्या दिल्या होत्या. त्या चॅटही आम्ही जपून ठेवल्या.

जबाबाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. बाई असेल किंवा ६० वर्षांवरचा माणूस असेल तर साक्षीदार म्हणून जबाबासाठी पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये तसं आहे. आम्ही विनंती केली आणि एक महिला हवालदार सहकाऱ्यासह घरी आल्या. त्यांनी आत्याला "बाई" म्हणून हाक मारली, पाणी प्यायल्या, आणि वही पाहून म्हणाल्या, "असा हिशेब आम्हाला कुणी देत नाही." आत्या त्या दिवशी खूप दिवसांनी ताठ बसली होती. जबाब मराठीत लिहिला गेला, वाचून दाखवला, एका तारखेची चूक तिनेच दुरुस्त करून घेतली. सही करण्यापूर्वी प्रत्येक रक्कम वहीशी ताडून बघा. पुढे न्यायालयात रकमेत शंभर रुपयांचा फरक निघाला तरी खुलासे द्यावे लागतात.

गुन्हा ७ फेब्रुवारीला नोंदला गेला. भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८(४) आणि ३१९(२), माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती तिथेच मागून घ्यावी. यावेळी तक्रारीत डॉक्टरचा नंबरही होता. तो आत्याने स्वतःहून घालायला सांगितला.

मधल्या काळात आम्ही बाकीची दारं बंद करत होतो. "लग्नाच्या कागदांसाठी" म्हणून त्याने तिच्या आधार आणि पॅनचे फोटो मागवले होते. म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर तिच्या नावे दुसरी सिमकार्डं आहेत का ते पाहिलं, आणि तिच्या नावे कर्ज काढलंय का हे बघायला क्रेडिट रिपोर्ट काढला. काही निघालं नाही.

मार्चमध्ये आणखी एक फोन आला. दिल्लीच्या सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे सात लाख सापडले, सोडवायला १५,००० प्रक्रिया शुल्क भरा. त्याला रक्कम माहीत होती, आत्याचं नाव माहीत होतं. एकदा फसलेल्यांच्या याद्या या टोळ्यांमध्ये फिरतात आणि वसुलीच्या नावाखाली दुसऱ्यांदा लुटतात. पोलीस किंवा न्यायालय पैसे परत करण्यासाठी कुणाच्या खात्यात आधी पैसे भरायला सांगत नाही. आत्याने शांतपणे नंबर वहीत टिपला, फोन ठेवला आणि मला कळवलं. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन असेल तर संचार साथीवर 'चक्षू' नावाच्या सुविधेत तो नोंदवता येतो. ते तिने माझ्या मदतीशिवाय केलं.

न्यायालयाचं काम असं चाललं. अडवलेली रक्कम परत मिळावी म्हणून आम्हाला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागला. जुन्या कायद्यात तेच ४५७ होतं, वकील अजून दोन्ही आकडे बोलतात. बाहेरच्या वकिलांनी आम्हाला १५,००० सांगितले होते. जबाब घ्यायला आलेल्या हवालदार बाईंनीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा म्हणून सांगितलं. स्त्रियांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो, आणि कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. हेल्पलाइन १५१००. मिळालेले वकील तरुण होते. आमच्याबरोबर त्यांनाही या प्रकारच्या अर्जाचे बारकावे समजत गेले, पण त्यांनी एकही तारीख चुकवली नाही.

अर्ज २४ मार्चला दाखल झाला. सोबत एफआयआर, पोर्टलची पोचपावती, स्टेटमेंट आणि कुठल्या बँकेत किती रक्कम अडवली आहे त्याचं पोलिसांचं पत्र. हे शेवटचं पत्र आधीच मागून ठेवा, त्यावाचून अर्ज पुढे सरकत नाही. मग पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवलं गेलं. ते यायला एप्रिल संपला. मे महिन्यात न्यायालयाची उन्हाळी सुट्टी. या काळात वाट बघण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं आणि तोच सगळ्यात जड गेला. आत्या दर सोमवारी विचारायची, मी दर सोमवारी वकिलांना विचारायचे.

१२ जूनला आदेश झाला. पुढे कुणी या रकमेवर हक्क सांगितला तर ती न्यायालयात जमा करू, अशा आशयाचं हमीपत्र ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर द्यावं लागलं. नोटरी आणि प्रमाणित प्रतींचे मिळून आणखी सातशेच्या आसपास. आदेशाच्या प्रमाणित प्रती जास्तीच्या काढा, प्रत्येक बँकेला वेगळी लागते. पोलिसांनी त्या दोन्ही बँकांना आदेश पाठवला, आम्हीही रजिस्टर एडीने पाठवला. ८ जुलैला ९६,४०० जमा झाले. दुसऱ्या बँकेने आत्याच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश पुन्हा मागितला, त्यामुळे ११,२०० यायला १७ जुलै उजाडला.

७,८८,५०० मधले १,०७,६०० परत आले. मला हे यश वगैरे वाटत नाही, पण १४ जानेवारीच्या संध्याकाळी फोन लावला नसता तर तेही आले नसते, शिवाय मागितलेले ६०,००० वेगळे गेले असते.

पुढची काळजी म्हणून काय करायचं यावर आमच्यात बरंच बोलणं झालं. तिचा स्मार्टफोन काढून घेण्याला मी ठाम विरोध केला. बागेचा तो ग्रुप तिची सोबत आहे, आणि सोबत काढून घेतली तर पुढच्या भामट्याचं काम सोपं होईल. ठेवींवर माझं नाव लावू का विचारलं, ती नको म्हणाली. पैसे तिचे आहेत. तिने स्वतः ठरवलं ते असं. यूपीआयची रोजची मर्यादा ५,००० वर आणली. ठेवींचं खातं नेट बँकिंगपासून वेगळं केलं. फेसबुकवर मित्रयादी लपवली, प्रोफाइल लॉक केलं. वहीत तिने पहिल्या पानावर लिहून ठेवलंय की कस्टम्सच्या खऱ्या पत्रावर डिन नावाचा क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो, कस्टम्स कुणा व्यक्तीच्या खात्यात पैसे भरायला सांगत नाही, आणि रिझर्व्ह बँक पैसे मागण्यासाठी सामान्य माणसाला फोन करत नाही. मी रोज रात्री नऊला तिला फोन करते. त्यात गुडघ्याची चौकशी असते, अनंताची असते, पैशाचा विषय ती काढेल तरच.

तपास चालू आहे. ज्यांच्या खात्यांत पैसे गेले त्यातला एकजण दुसऱ्या राज्यात सापडला. कमिशनच्या बदल्यात त्याने स्वतःचं खातं वापरायला दिलं होतं. फोनवर बोलणाऱ्यांपर्यंत पोलीस अजून पोचलेले नाहीत. उरलेल्या रकमेपैकी काही सापडलं तर पुन्हा ५०३ खाली वेगळा अर्ज करावा लागेल, आणि त्यासाठी मूळ कागदांची फाइल आत्याच्या कपाटात लावून ठेवलेली आहे. महिन्यातून एकदा तपास अधिकाऱ्यांना फोन करून गुन्हा क्रमांक सांगायचा आणि काय झालं ते विचारायचं, हे काम आता आत्या स्वतः करते.